हिरव्या खुणेचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्या हातात काठी नाही की डोक्यावर टोपी नाही. बुटांच्या एका छोट्या कारखान्यातल्या संगणकात मी राहतो आणि ईमेलसोबत आलेली प्रत्येक फाईल तपासून आत सोडतो. लोक मला अँटिव्हायरस म्हणतात. नाव मोठं रुबाबदार आहे, नाही का?

मला घडवणाऱ्यांनी जन्मतःच चोरांचे चेहरे पाठ करायला लावले. रोज त्यात नव्या चेहऱ्यांची भर पडे. काम नसलं की मला डुलकी लागे. पंख्याची घरघर ऐकत मी तरंगत राही आणि अक्षरं ढगांसारखी अंगावरून सरकत जात. दाराशी फाईल आली की मात्र मी डोळ्यांत तेल घालून उभा.

हा कारखाना ताईचा. ज्यांचे दोन पाय सारखे नसतात, त्यांच्यासाठी ती बूट शिवते. संगणक तिचा धाकटा भाऊ सांभाळतो. "हा आहे म्हणून आपल्याला घोर नाही," असं तो माझ्याबद्दल म्हणायचा, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

तिथे एक मुलगी यायची. तिचा एक पाय जरा आखूड, पण एका जागी ठरेल तर शपथ. सगळे तिला भिंगरी म्हणत. तिच्या बुटाचं माप कितीतरी वेळा चुकलं आणि एकदाचं जमलं. त्या मापाचं चित्र माझ्याच संगणकात होतं. ते बूट घालून ती पहिल्यांदाच कुणाचा हात न धरता शाळेत जाणार होती.

आता आमच्याकडची एक गंमत ऐका. दवाखान्यांतून मापं कुलूपबंद फाईलमध्ये येत आणि पासवर्ड त्याच ईमेलात खाली लिहिलेला असे. म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली तिथेच टांगायची! माणसं ती किल्ली वाचत. मला ती वापरता येत नसे. बंद फाईलच्या आत मला काही दिसतच नाही. मग मी बारीक करड्या अक्षरांत लिही, 'आत पाहता आलं नाही.' पण वाईट काही सापडलं नाही म्हणून शेजारी हिरवी खूण उमटे. पुढे पुढे सगळे फक्त ती खूणच बघू लागले.

एका दुपारी तशीच फाईल आली. ईमेलावर नेहमीच्या दवाखान्याचं नाव होतं.

"हिरवं आहे ताई, उघडू?" भावाने विचारलं.

"उघड की, विचारतोस काय."

फाईल उघडली आणि पडद्यावरची मापांची चित्रं एकेक करून मुकी झाली, उघडेनातच. आत लपलेला चोर अगदी नवा होता, माझ्या ओळखीचा नव्हता. भिंगरीचं मापही गेलं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या चोराचा चेहरा माझ्याकडे पोचला. वरातीमागून घोडं!

"हिरवं होतं गं," भाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होता. दवाखान्यात फोन केला तर ते म्हणाले, आम्ही काही पाठवलंच नव्हतं.

भिंगरी आईबरोबर बूट न्यायला आली. ताईने तिला सगळं खरं खरं सांगितलं. पोरीचे डोळे भरून आले.

"रडू नकोस गं. ठेव पाय इथे," ताई म्हणाली. तिने जमिनीवर कोरा कागद पसरला आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली. मग फळीवरचा तिचाच जुन्या मापाचा, अर्धवट शिवलेला बूट त्या रेषेवर ठेवला आणि ती थबकली.

"अगं, पाय वाढलाय तुझा! तो बूट तुला बसलाच नसता."

भिंगरी हसली. पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून मी ते हसू पाहिलं. अजूनही डुलकी लागली की मला ती पेन्सिल फिरताना दिसते. थोड्याच दिवसांत नवे बूट घालून ती दारातून एकटी बाहेर पडली. आई मुद्दाम मागे राहिली होती.

तेव्हापासून कुलूपबंद फाईल आली की भाऊ आधी पाठवणाऱ्याला फोन करतो. चित्रांची एक प्रत संगणकापासून वेगळी, कपाटात असते. आणि माझी करडी अक्षरं तो मोठ्याने वाचतो.

मित्रांनो, मला रोज नवे चेहरे शिकवत जा, मी मनापासून पहारा देईन. पण माझं माप कालचं असतं आणि चोराचा पाय रोज वाढतो. म्हणून हिरवी खूण दिसली तरी क्षणभर थांबा आणि मला विचारा, "बाबा रे, तू आत पाहिलंस का?"