तेवीस नंबर

मला त्या कादंबरीचा वीट आला आहे. अकरा वर्षं आठवीला शिकवतेय. दरवर्षी तेच गिरणीचं गाव, तोच वेगळ्या वंशाचा पोरगा, ज्याच्या शेजारी शाळेत कुणी बसत नाही, आणि गिरणीला लागलेली तीच आग. पोरगा आत शिरतो, सात कामगारांना बाहेर काढतो, हात भाजून घेतो आणि शेवटच्या पानावर अख्खं गाव त्याच्या दारात येऊन रडतं. वर्गही रडतो. मग मी फळ्यावर प्रश्न लिहिते: 'गावाने नायकाचा स्वीकार का केला?' गुण तीन, मुद्दे तीन. धाडस, त्याग, मनपरिवर्तन. डोळे पुसून झाले की वह्या उघडायच्या आणि उतरवून घ्यायचं.

ते उत्तर माझंच. बाजारातल्या गाइडातही माझंच छापलंय. एके काळी मला त्याचा अभिमान होता.

यंदा शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. बाक दोघींचा, पण ती एकटीच. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करतात, आमच्या शाळेचीही त्यांनीच केली. कुटुंब दुसऱ्या वंशाचं, रंग आमच्यापेक्षा कितीतरी गडद, म्हणून पोरांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं शाई. 'शाईच्या शेजारी बसलं की वहीला डाग पडतात,' असं कुणीतरी म्हणालं, वर्ग फिदीफिदी हसला, मी 'शांतता' म्हणाले आणि धडा पुढे नेला. महिन्याभरात शिक्षकांच्या खोलीतही ती शाईच झाली. लाडाने म्हणतो, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. हजेरी मी नंबराने घेते, वेळ वाचतो. ती तेवीस नंबर.

आणि वर्गात तिच्याइतकं हुशार दुसरं कुणी नाही.

तपासणी अधिकारी आमचा पाठ बघायला येणार होते. मोठ्या निवासी शाळेत एक जागा होती. फी, पुस्तकं, राहणं, सगळं फुकट. पाठ बघून ते आमच्या वर्गातल्या एकाची शिफारस करणार होते. ती जागा शाईला मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. तेवढं तरी माझं खरं होतं.

"तिला पहिल्या बाकावर घ्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आणि शेजारी कुणाला तरी बसवा. विषयच तसा आहे, बरं दिसेल."

कुणाला तरी म्हणजे डॉक्टरांच्या मुलीला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची आई मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात हजर.

"एकच तास ना, मॅडम?"

"एकच तास. मग परत आपल्या जागेवर."

दोघी हसल्या. मला शिसारी आली. पण मी केलं काय? पाठाचं टिपण हातात धरून तिथेच उभी राहिले, आणि डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा त्यांना दार उघडून दिलं.

आठवडाभर मधल्या सुट्टीत मी शाईकडून उत्तर घोकून घेतलं. घडाघडा म्हणायची. एकदा मध्येच थांबली.

"बाई, आग लागलीच नसती तर?"

"तर काय?"

"तर तो शाळेत कुठे बसला असता?"

"तो प्रश्न परीक्षेत येत नाही," मी म्हणाले. "पुढे म्हण. त्याग."

पाठाच्या दिवशी डॉक्टरांची मुलगी बाकाच्या कडेला, अर्धी बाहेर लोंबत बसली. दोघींच्या मध्ये तिने दप्तर उभं केलं होतं. मी शेवटचं पान गळा दाटून आल्यासारखं वाचलं. इतक्या वर्षांत तो आवाज मला हुकमी काढता येतो. स्वतःचीच किळस येत होती, पण आवाज छान लागला. मुख्याध्यापिकांनी रुमाल काढला.

अधिकाऱ्यांनी पहिल्या बाकाकडे बोट केलं. "तू सांग. गावाने त्याला का स्वीकारलं?"

शाई उठली. "धाडस," ती म्हणाली. "आणि त्याग." मग तिने मधल्या दप्तराकडे पाहिलं. मी फळ्याजवळून तिसरा मुद्दा नुसते ओठ हलवून सांगितला.

"मनपरिवर्तन नाही झालं, सर," ती म्हणाली. "सात माणसं वाचवल्यावर कुणीही गोडच बोलेल. ते बक्षीस झालं. बाकावर जागा त्याला आधीच मिळायला हवी होती. काहीही न करता."

डॉक्टरांच्या मुलीने खाली पाहिलं. मुख्याध्यापिकांनी रुमाल आत ठेवला. संपलं, गेली जागा, असं मला वाटलं. पण अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं होतं.

"या कादंबरीवरचं इतक्या वर्षांत हे पहिलं उत्तर, जे मला पाठ नाही," ते म्हणाले. "बाई, मुलीचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं.

"शाई," मी म्हणाले.

वर्ग खदखदून हसला. मी हजेरीपट शोधायला टेबलाकडे वळले, तर टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून तो सकाळीच ऑफिसात नेला होता. "तेवीस नंबर आहे तिचा," मी म्हणाले, जणू त्याने काही सावरणार होतं. शाई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. नाव येईल म्हणून वाट बघत होती.

अधिकाऱ्यांनी टोपण पुन्हा लावलं आणि कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. "नाव लिहा, तिची सही घ्या. अर्धा तास ऑफिसात आहे. नाही आला तर जागा दुसऱ्या शाळेला जाईल." बोलताना त्यांनी नाक मुरडलं. त्यांचं काय चुकलं?

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी सहावीला शिकवते, अर्थ आणि वाक्यात उपयोग यांसकट.

ऑफिसात बऱ्याच शोधाशोधीनंतर हजेरीपट मिळाला आणि तेविसाव्या ओळीवर तिचं नाव सापडलं. चार अक्षरी, गोड. जिना चढताना मी ते दोनदा पुटपुटले, जिभेला नवीन होतं.

वर्गात डॉक्टरांची मुलगी आपल्या जागेवर जाऊन रुमालाने हात पुसत होती. शाई दप्तर घेऊन शेवटच्या बाकाकडे निघाली होती, पाठमोरी. मी तिला नावाने हाक मारली. ती चालतच राहिली. मी आणखी मोठ्याने मारली. काही पोरांनी मागेपुढे पाहिलं, ही कोण म्हणून. तिने पाहिलं नाही. त्या खोलीत त्या नावाने तिला कधी कुणी बोलावलंच नव्हतं.

घड्याळात दहा मिनिटं उरली होती.

"शाई," मी म्हणाले. ती लगेच वळली.

मी फॉर्म बाकावर ठेवला. तिने वर लिहिलेलं नाव वाचलं आणि खाली सावकाश सही केली.

"माझं चुकलं गं," मी म्हणाले.

तिने नुसती मान डोलावली. पेन परत देताना तिने विचारलं, "बाई, तिथे हजेरी नावाने घेतात का?"

मी हो म्हणाले. मला काही माहीत नव्हतं.