करवलीचा तक्ता

चष्मेवालीचं लग्न ठरलं तेव्हा ती चौतिशीला टेकली होती आणि घरच्यांनी तिच्या लग्नाचा नाद कधीच सोडला होता. आता ठरलं म्हटल्यावर सगळ्यांना चेव आला. कपडे आईनं निवडले, हॉल भावानं बघितला, जेवणात काय काय असावं ते सासरच्यांनी ठरवलं. चष्मेवालीनं सगळ्याला मान डोलावली. फक्त करवल्या कोण, हे ती कुणाला विचारणार नव्हती, आणि मनात असलेल्या दोन जुन्या मैत्रिणींना ती नुसतं फोनवर नाही, तर स्वतःच्या हातानं काहीतरी करून विचारणार होती.

ती चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. शिवण-टिपण, रंगकाम यांच्याशी तिचं उभं वैर. पण अक्षर मात्र असं की बघत राहावं. म्हणून तिनं डोळे तपासायचा तक्ताच करायला घेतला. जाड पांढरा पुठ्ठा, काळी शाई आणि पट्टी. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती काउंटरवर ओणवी व्हायची. सगळ्यात वर पंज्याएवढा ‘मा’. त्याखाली जरा लहान ‘झी क र’. मग ‘व ली हो’. मग ‘शी ल का’. आणि तळाशी, मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक: ‘नाही म्हणालीस तर बघ’.

दुकानाचे मालक काका मागून डोकावले.

“पोरी, तिसरी ओळ घसरलीय.”

“प्रेमानं काढलंय, काका.”

“असेल. पण ती पट्टी नीट लावली असतीस तर प्रेम कमी झालं असतं का?”

तिनं पुठ्ठा फेकला आणि दुसरा घेतला.

पहिली आली मास्तरीण. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरीही शिकवल्यासारखंच बोलायची. फुकट तपासणी आहे म्हटल्यावर ती वेळेआधीच हजर झाली. तक्त्यामागचा दिवा लागला तशी तिनं एकेक अक्षर फळ्यावरचं वाचावं तसं खणखणीत वाचलं. ‘का’पाशी येऊन थांबली. ओठांतल्या ओठांत सगळं पुन्हा जुळवलं, आणि अशी किंचाळली की बाहेर चष्मा घालून बघणाऱ्या आजोबांनी तो घाबरून परत ठेवला.

“शेवटची ओळ वाचलीस ना?” चष्मेवालीनं विचारलं.

“वाचली. नाही म्हणून मरायचंय का मला?”

राहिली झिपरी. गल्लीच्या टोकाला तिचं केस कापायचं दुकान होतं. जगाचे केस वळणावर आणणाऱ्या या बाईचं स्वतःच्या डोक्यावरचं रान काही आवरत नसे, म्हणून शाळेपासून ती झिपरीच. रोज संध्याकाळी ती चष्मेवालीची वाट बघत इथल्या बाकावर बसायची; पण तपासणीच्या खुर्चीचं नाव काढलं की हिला कामं आठवायची. त्या दिवशी दोघींनी तिला हाताला धरून आणली.

“माझी नजर घारीची आहे,” झिपरी कुरकुरली, पण बसली.

दिवा लागला. चष्मेवाली म्हणाली, “वाच बघू.”

“प,” झिपरी ठणकावून म्हणाली. “ट, र, ल. न, क, ग, ब.” आणि एका दमात तळापर्यंत जाऊन पोहोचली. “झालं? उठू?”

मास्तरणीनं आ वासला. चष्मेवालीला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. दुकानाचा नेहमीचा तक्ता तिथं भिंतीकडे तोंड करून टेकवलेला होता. झिपरीनं त्यातलं एकही अक्षर चुकवलं नव्हतं.

“झिपरे, बाकावर बसून, गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून पाठ केलास तू तो?”

झिपरीचा चेहरा पडला. समोर काहीतरी काळं आहे, एवढंच तिला दिसत होतं. “म्हणजे मला पकडायला बोलावलंत होय! तिघांनी मिळून!” पर्स उचलून ती दाराकडे निघाली. चष्मेवालीनं पळत जाऊन दार अडवलं.

“पकडायला नाही गं. शपथ. पण सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू?” झिपरीचा आवाज चिरकला. “केस कापणारीलाच दिसत नाही कळलं, तर माझ्या कात्रीखाली मान कोण देईल?”

काका घसा खाकरून पुढे आले. “मी देतोय की वर्षभर.” त्यांनी दोन्ही कल्ल्यांना हात लावला. डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला बोटभर लांब होता. “मला वाटायचं, फॅशन असेल.”

झिपरी फिसकन हसली, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली. चष्मेवालीनं तिला खुर्चीत परत बसवलं, तपासणीची जड गोल चौकट नाकावर चढवली आणि एकामागून एक भिंगं सरकवायला सुरुवात केली.

“हे बरं की हे?”

“ते. नाही, थांब. आधीचं. हां, हे!”

झिपरीचे ओठ हलू लागले. ‘मा’पासून ती सावकाश खाली आली, मुंग्यांच्या रांगेपाशी पुढे वाकली आणि तीही तिनं वाचली. मग त्या लोखंडी चौकटीसकट मान वळवून म्हणाली, “चष्मा लावलेली करवली चालेल?”

“धावेल!”

फ्रेम निवडायला झिपरीनं जो वेळ घेतला, त्यात एखाद्याचं लग्न लागून पंगत उठली असती. शेवटी लालभडक फ्रेम पसंत पडली. दुसऱ्याच दिवशी तिनं काकांना बोलावून घेतलं आणि कल्ले सारखे करून दिले. गिऱ्हाइकांना चष्म्याचं कौतुकच वाटलं.

लग्नाच्या दिवशी मास्तरीण एका बाजूला, झिपरी दुसऱ्या बाजूला. नवऱ्याकडची मंडळी आत येत होती. झिपरीनं चष्मा वर सरकवला, होणाऱ्या नवऱ्याला नीट न्याहाळलं आणि चष्मेवालीच्या कानाशी लागली.

“आपण इतक्यांदा भेटलो याला, पण खरं सांगू? मला वाटलं होतं त्याहून बराच बरा आहे गं.”

नवरीला हसू आवरेना, आणि फोटोवाला बिचारा “ताई, जरा इकडे, जरा इकडे” म्हणत उभाच राहिला.