बाजू बदलताना

“हे एवढं एक सोडवा, मग चहा,” असं म्हणत मास्तरीणबाईंनी पाटी मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

झटका आल्यापासून मास्तरांची वाचा बसली होती. उजवा हात लुळा पडला होता. जन्मभर बीजगणित शिकवलेल्या माणसाच्या तोंडून आता ‘हं’पलीकडे काही फुटत नव्हतं. “त्यांचा ज्यात हातखंडा होता, तेच करायला द्या,” असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा बायकोनं माळ्यावरून शाळेचं पुस्तक काढलं.

गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची, पण त्यांची स्वतःची शाळा सातवीतच सुटलेली. सुरुवातीला नक्षी काढावी तशी त्या गणितं उतरवायच्या आणि मास्तर डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात ती सोडवायचे. बघता बघता बाईंनाही गोडी लागली. भाजी निवडताना त्या मनातल्या मनात बहुपदीचे अवयव पाडू लागल्या. “तुमचा हा क्ष म्हणजे अगदी धाकटे भावजी,” त्या एकदा म्हणाल्या, “काम निघालं की गायब. शोधत बसायचं आम्ही.” मास्तर अर्ध्या ओठानं हसले होते.

आजचं गणित सोपं होतं. तीन क्ष उणे सात बरोबर अकरा. मास्तरांनी खाली लिहिलं, तीन क्ष बरोबर चार.

मास्तरीणबाई थबकल्या. कालही श्रेढीतली पुढची संख्या मास्तरांनी चुकवली होती. तेव्हा बाईंनी काणाडोळा केला होता. आज बोलावं, तर माणूस खचेल. न बोलावं, तर ज्यानं वर्गात कुणाची साधी चूक खपवून घेतली नाही, त्याला आपण लहान मुलासारखं खेळवतोय, असं झालं.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “सातानं बाजू बदलली ना? मग चिन्ह?”

मास्तर पाटीकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

“राहू द्या आज,” म्हणून त्या पाटी उचलू लागल्या, पण मास्तरांनी ती सोडली नाही. तळहातानं स्वतःच चूक पुसली आणि पेन्सिल बायकोपुढे धरली.

“मी? मला कुठं येतंय?”

“हं,” मास्तर म्हणाले. आवाज वर्गातला होता.

त्या ताठ बसल्या. तीन क्ष बरोबर अठरा. क्ष बरोबर सहा. मास्तरांनी एकेक पायरी बोटानं तपासली आणि शेजारी बरोबरची खूण केली. खुणेचा शेंडा लांबत पाटीच्या लाकडी चौकटीवर गेला.

मग त्यांनी पाटी पुसली आणि बायकोसाठी जरा अवघडसं गणित लिहायला घेतलं. चौकटीवरची रेघ तेवढी पुसायची राहिली.