उभी गाडी

भाचीच्या पहिल्या मोटार-शर्यतीचे फोटो मीच काढणार, अशा फुशारक्या मामाने नवा कॅमेरा गळ्यात अडकवून घरभर मारल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या फोटोग्राफरने बजावलंही, "शटर जरा हळू ठेवा, गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. नाहीतर चाकं थिजल्यासारखी दिसतील." पण शहाणपणा ऐकेल तो मामा कसला! त्याने शटर होईल तितकं वेगवान केलं.

संध्याकाळी भाचीने फोटो पाहिले. चाकाचा आरा न् आरा मोजून घ्यावा!

"मामा, यात गाडी उभी आहे का रे?"

"अगं, हे शर्यतीआधीचे," मामा बोलून गेला. "धावतानाचे सगळे कार्डातून उडाले."

"जाऊ दे रे, मी तरी कुठे जिंकले?" उलट तिनेच त्याची समजूत काढली.

आठवड्याने तो बहिणीकडे गेला, तर भिंतीवर त्यातलाच एक फोटो मोठा करून लावलेला. खाली भाचीच्या अक्षरात, 'शर्यतीआधी. फोटो: मामा.' आणि गाडीच्या मागे, शर्यत संपताना दाखवतात तो काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा.

मामा भिंतीकडे पाठ करून बसला.

"अरे, इकडे बस ना," बहीण म्हणाली. "तिथून तुला फोटो दिसत नाही."