तीन इंची पाटे

गाड्या दुरुस्त करणाऱ्या दत्ताजीरावांनी जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे दोन्ही संच भिंतीला टेकवून ठेवले होते. डावीकडचा गाडी दोन इंच उचलणारा, उजवीकडचा तीन इंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसला नसता. आनंदला मात्र कारखान्यात आल्यापासून तेवढाच दिसत होता.

ज्या जीपसाठी हे चाललं होतं ती एकोणऐंशी सालची. वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली, चारही चाकांना जोर देणारी आणि मोहित्यांच्या घरात देवाखालोखाल मान असलेली. पणजोबा गायकवाडांच्या पागेत होते. घोडे गेले, पागा गेली, पण ऐट काही जायला तयार नव्हती, ती या जीपमध्ये येऊन बसली. थोरला गजेंद्र जीप हाकायचा आणि धाकटा आनंद शेजारी बसून वाट सांगायचा. दर डिसेंबरात मही नदीच्या घळींमध्ये जीपवाल्यांची शर्यत होई, तिथे ही जोडी सगळ्यांना ठाऊक होती. गजेंद्रला समोर फक्त पुढची गाडी दिसायची. खड्डा, उंचवटा, भुसभुशीत वाळू हे सगळं आनंदने बघायचं.

मागच्या साली मात्र फजिती झाली. घळीच्या तोंडाशी मातीच्या उंचवट्यावर जीप पोटावर बसली, चाकं नुसती गरगरत राहिली आणि चारचौघांत तिला ट्रॅक्टरने ओढून काढावं लागलं. गजेंद्र आठ दिवस कोणाशी धड बोलला नाही. मग आनंदनेच टेप घेऊन मापं काढली आणि सांगितलं की गाडी तीन इंच उचलायला हवी, दोन इंचांत पोट पुन्हा टेकेल. आनंद कॉलेजात गणित शिकवतो. त्याचा आकडा म्हणजे घरात काळ्या दगडावरची रेघ.

आकडा सांगून झाला आणि दुसऱ्याच दिवशी जीपमध्ये चढताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडी उचलायची म्हणजे बसायची जागाही तीन इंच वर जाणार.

आनंदचे पाय तिसऱ्या वर्षी पोलिओने गेले होते. चाकाची खुर्ची जीपला भिडवायची, एका हाताने काचेच्या चौकटीचा दांडा धरायचा, दुसरी मूठ बैठकीवर रोवायची आणि अंग वर खेचायचं, असा त्याचा रिवाज. बाराव्या वर्षी त्याने आईला बजावलं होतं की यापुढे मला कोणी उचलायचं नाही. आता तो छत्तिसाचा होता आणि तेव्हापासून कोणी उचललं नव्हतं. पणजोबांची जहागीर असती तरी त्याने ती इतकी जपली नसती.

मग त्याने घरात कोणी नसताना हरणी भागातल्या आपल्या सोसायटीच्या अंगणात महिनाभर गुपचूप सराव केला. खुर्चीतली जाड गादी काढली की तो बरोबर दोन इंच खाली जायचा. तेवढ्यावरून घामाघूम होऊन का होईना, चढता आलं. मग खुर्चीच्या चाकांतली हवाही सोडली आणि आणखी एक इंच खाली गेला. चार दिवस मेहनत केली, एकदाही जमलं नाही. मधे स्टूल ठेवून पाहिलं तर ते कलंडलं आणि कोपर सोलवटून निघालं. दार लागलं असं त्याने घरी सांगितलं.

म्हणजे गाडीला तीन हवे होते आणि आनंदला दोन. हे फक्त त्यालाच माहीत होतं, आणि आज निकाल लागायचा होता. जो संच उरेल तो न्यायला भरूचचा एक माणूस चार वाजता टेम्पो घेऊन येणार होता. वाडीतल्या त्या कारखान्यातल्या घड्याळात सवातीन वाजले होते.

दत्ताजीरावांची रीत अशी की बसवण्याआधी गिऱ्हाइकाला उंची दाखवायची. त्यांनी जॅक लावून जीप उचलली, खाली ठोकळे सरकवले आणि हे दोन इंच, म्हणाले. गजेंद्रने जीपला एक फेरी मारली आणि सहज, अगदी सहज सांगितलं, "आनंद, बसून बघ रे."

आनंदने खुर्ची भिडवली. दांडा धरला. पहिल्या झटक्यात अंग अर्ध्यावर अडकलं आणि क्षणभर तो तसाच लोंबत राहिला. दोघांनीही बघू नये असं त्याला फार वाटलं. मग खांद्यातून कळ निघाली आणि तो वर गेला. गजेंद्रला त्यात काही विशेष वाटलं नाही. भाऊ रोजच चढतो. आनंद खाली उतरल्यावर दत्ताजीरावांनी जॅकचा दांडा पुन्हा हलवला, जीप आणखी इंचभर वर गेली, आणि गजेंद्र म्हणाला की आता इथे बस.

"तीन नको, दादा," आनंद म्हणाला.

गजेंद्रने वळून बघितलं. तीन तूच सांगितलेस ना, असं त्याने विचारलं. आनंदने सांगितलं की पुन्हा विचार केला, तीन इंचांनी शाफ्टचा कोन वाढतो, गाडी वेगात थरथरेल, बेअरिंग जाईल. बोलणं सगळं पुस्तकातलं होतं आणि थोडं खरंही होतं. म्हणूनच ते इतकं गुळगुळीत बाहेर पडलं आणि म्हणूनच त्याला स्वतःची जास्त लाज वाटली.

दत्ताजीरावांचा हात जॅकवर थांबला. त्यांनी असे तीन इंची पाटे कितीतरी जीपांना बसवले होते, आणि शाफ्टची किरकिर कशी घालवायची ते त्यांना पाठ होतं. त्यांनी आनंदकडे पाहिलं, मग त्याच्या लाल झालेल्या तळहातांकडे पाहिलं.

"तुम्ही शिकलेले, आनंदभाई," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तर बराबर असेल ने."

गजेंद्रने मात्र एवढाही विचार केला नाही. "आनंद म्हणाला म्हणजे झालं. दोन बसवा."

वाद घातला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो आपला बाही सरसावून चाक काढायला लागला, वर शीळही घालू लागला. आनंदला तो उंचवटा दिसत होता, त्यावर पुन्हा बसलेली जीप दिसत होती, आणि भाऊ काय म्हणेल तेही ऐकू येत होतं. आनंदचा आकडा होता, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असेल, असंच म्हणेल तो.

चारला पाच मिनिटं असताना टेम्पो दाराशी लागला. भरूचच्या माणसाने तीन इंची पाट्यांचं एक टोक धरलं, दुसरं दत्ताजीरावांनी धरलं.

"थांबा," आनंद म्हणाला. खुर्ची पुढे ढकलत त्याने पुन्हा म्हटलं, "थांबा, काका. दादा, शाफ्टचं मी खोटं सांगितलं. तीनच लागतात." मग जे चोवीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते त्याने सांगितलं. "तीनवर मला चढता येत नाही."

गजेंद्र हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"म्हणजे मी पुन्हा जाऊन त्या मातीत रुतलो असतो," तो म्हणाला, "आणि तू शेजारी बसून बघत राहिला असतास?"

"हो."

आनंदला वाटलं होतं की दादा आता विरघळेल. म्हणेल, मरो ती शर्यत, आपण दोनच बसवू. त्याला नाही कसं म्हणायचं तेही त्याने मनाशी जुळवून ठेवलं होतं. गजेंद्र तसं काही म्हणाला नाही. त्याने दत्ताजीरावांना सांगितलं, तीन बसवा, आणि दोनचा संच स्वतः उचलून टेम्पोत टाकला.  खोटं बोलून जागा राहिली असती, खरं बोलून गेली. टेम्पो निघून गेला आणि आता बदलण्यासारखं काही उरलं नाही.

मग गजेंद्र येऊन त्याच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला. रागाने त्याचा श्वास अजून वर-खाली होत होता.

"तू नसलास तर मला पुढचं काही दिसत नाही, हे तुला माहीत नाही?" तो म्हणाला. "मी उचलेन तुला. नाही म्हणालास तर जीप इथेच उभी राहील. मी एकटा जाणार नाही."

 नाही हा शब्द आनंदच्या अगदी ओठांवर होता.

पाटे बसवून होईपर्यंत सहा वाजले. जीप ठोकळ्यांवरून खाली आली, दत्ताजीरावांनी यू-बोल्ट एकदा शेवटचे आवळले आणि हात धुवायचं निमित्त करून ते मागे निघून गेले. गजेंद्र जीपच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. हात लोंबते ठेवून. पुढे यायची त्याची छाती होईना आणि बाजूलाही होववेना.

आनंदने बैठकीकडे पाहिलं.  मग खुर्ची जीपला भिडवली आणि चाकं अडकवून टाकली.

"बगलेत हात घालायचा नाही," तो म्हणाला. "एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखाली. मी सांगेन तेव्हाच."

गजेंद्र वाकला. आनंदने त्याच्या मानेभोवती हात टाकला आणि कान भावाच्या छातीशी आला. घळीत गाडी घालताना ज्याच्या कपाळावर आठी पडत नसे, त्याचं काळीज आता धाडधाड उडत होतं.

"सावकाश, दादा," आनंद म्हणाला. "हं. आता उचल."