चाक फिरलं आणि अण्णा दिसले

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. अंगावर काळं कातडं, हातात घेतली की जरा जडच. वाराणसीत पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत एका उंच घरात मी राहते. गच्चीत उभं राहिलं की खाली गंगा दिसते आणि पलीकडे वाळूचा लांबलचक पट्टा.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझे लोलक बसवताना कारागीर श्वाससुद्धा रोखून धरायचा, कारण केसाएवढा फरक पडला असता तरी मी आकाशात दोन चंद्र दाखवले असते. तिथून मी नरहर अण्णांच्या हाती आले. अण्णा रेल्वेत नोकरीला होते आणि पाखरांचे मोठे शौकीन. थंडीत गंगेवर पांढरे कुरव पक्षी आले, वाळूवर चक्रवाकांच्या जोड्या उतरल्या, की सुट्टीचा सगळा दिवस आम्ही गच्चीत घालवायचो. देवदिवाळीला शेजारपाजारचे लोक मला डोळ्यांना लावून घाटाघाटांवरचे दिवे बघायचे आणि "वाह, नरहरजी!" म्हणायचे. त्यातली निम्मी तारीफ मी स्वतःकडे ठेवून घेई.

पण अण्णांचा एक कडक नियम होता. माझ्या मधोमध एक चाक आहे. ते फिरवलं की धूसर दिसणारं स्पष्ट होतं. अण्णांनी ते आपल्या नजरेला जुळवलं आणि वर चिकटपट्टी लावून टाकली. चाकाला हात लावायचा नाही!

त्यांची मुलगी देवयानी लहानपणापासून चष्मा लावायची. जवळचं वाचायला तिला अडचण नव्हती, लांबचं मात्र सगळं पुसट. चष्म्यासकट ती मला डोळ्यांना लावायची, तेव्हा काचेवर काच आपटायची आणि तिला वाटाण्याएवढं गोल दिसायचं. चष्मा काढला की नुसतं धुकं. "तुला नाही जमायचं, बेटा," अण्णा सहज म्हणाले. ते तिच्या मनात रुतून बसलं. पुन्हा तिने मला कधी हात लावला नाही. ती शिकली, कॉलेजात शिकवू लागली. अण्णा थकले, विसरायला लागले, आणि मी कपाटात गेले. दोन-चार पावसाळ्यांत माझ्या एका भिंगाच्या कडेला बुरशीही धरली. अंधारात पडून मी विचार करायची, की त्या मुलीला आपण काही दाखवलं नाही, हा दोष आपलाच असेल.

यंदाच्या पौषातली गोष्ट. अण्णा सकाळी घाटावर गेले ते दुपार कलली तरी परतले नाहीत. देवयानी कॉलेजातून धावत आली. घाटांवर शोधून झालं, मंदिरांत विचारून झालं. शेवटी वरून काही दिसतंय का म्हणून ती गच्चीत गेली, आणि कठड्यावर बसलेल्या माकडाने झडप घालून तिचा चष्माच पळवला! शेजारच्या टाकीवर बसून ते त्याची काडी चावू लागलं.

"आई, आता मी काय करू?" देवयानीला रडूच फुटलं.

तिच्या आईच्या, गीताबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण डोकं शांत. त्या कपाटाशी गेल्या आणि मला घेऊन जिना चढल्या.

"ही घे."

"आई, मला यातून काही दिसत नाही गं. माहीत आहे ना तुला?"

"तसंही आता कुठे दिसतंय तुला? चाक फिरव."

"अण्णांनी..."

"अण्णाच हरवलेत, देवयानी! फिरव म्हणते ना."

देवयानीने नखाने चिकटपट्टी ओरबाडली. चाक घट्ट झालं होतं. आधी तिने ते उलट्या बाजूला फिरवलं आणि गंगा आणखीच विरघळली. मग दुसरीकडे फिरवलं. अण्णांनी जुळवलेली जागा मागे पडली, तरी ती फिरवत राहिली. इतक्या पुढे मला कुणीच कधी नेलं नव्हतं. आणि मित्रांनो, तिच्या डाव्या डोळ्यासमोर एकदम एक होडी उमटली! होडीची दोरी, दोरीवर बसलेला पक्षी, सगळं लख्ख. उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा होता. माझ्या उजव्या नळीवरची कडी फिरवून तिने तोही जुळवला.

"आई, दिसतंय," ती पुटपुटली. "मला चष्म्याशिवाय दिसतंय!"

तिने अलीकडचे घाट पाहिले, मग पलीकडची वाळू. होड्या परत निघाल्या होत्या, वाळू रिकामी होत चालली होती. पार खालच्या टोकाला एक माणूस उभा होता. पाठीशी हात बांधलेले, मान जराशी डावीकडे कललेली. आणि तो पाण्यात उतरत होता.

"अण्णा!"

तिने फोन डोळ्यांजवळ धरून घाटावरच्या नावाड्याला, लल्लन मल्लाहला, लावला. "लल्लन भैया, उस पार! बाबूजी पानी में जा रहे हैं!"

"घबराइए मत, दीदी. आप बस रास्ता बताती रहिए."

मोटरबोट सुटली. एका हाताने मला घट्ट धरून देवयानी सांगत होती, "और दाहिने... और... हाँ, सीधे." चित्र हलू नये म्हणून तिने कोपर कठड्यावर टेकवलं. पाणी अण्णांच्या गुडघ्यांच्या वर गेलं. तेवढ्यात लल्लनने उडी टाकली आणि त्यांचा दंड धरला. देवयानी तिथेच फरशीवर बसली. तिचे अश्रू माझ्या भिंगांवर पडले. एरवी ओल मला सोसत नाही, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

ओल्या धोतराने अण्णा घरी आले, चहा प्यायले. "चक्रवाक जवळून बघायचे होते, म्हणून होडीने पलीकडे गेलो," म्हणाले. गीताबाई त्यांना भरपूर बोलल्या आणि बोलता बोलता त्यांचे पाय पुसत राहिल्या. मग अण्णांनी मला डोळ्यांना लावलं.

"धूसर दिसतंय. चाक कोणी फिरवलं?"

"मी," देवयानी म्हणाली.

"त्यातून मी दिसलो तुला?"

"दिसलात, अण्णा."

अण्णांनी माझ्या चाकावरून अंगठा फिरवला. "मग मीच चुकीचं सांगितलं होतं तुला," ते म्हणाले आणि त्यांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं.

आता अण्णा एकटे बाहेर जात नाहीत. माझी बुरशी जाणकाराकडून साफ करून घेतली आहे. संध्याकाळी बापलेक गच्चीत बसतात. एकाचं बघून झालं की दुसरा चाक फिरवून आपल्यापुरतं जुळवून घेतो. मला त्याचा जराही त्रास होत नाही.

मित्रांनो, घरात एखादी दुर्बीण पडून असेल तर तिला बाहेर काढा. भिंगावरची धूळ आधी मऊ ब्रशने झटका, मग स्वच्छ कापडाने अलगद पुसा. सूर्याकडे मात्र तिच्यातून कधीच पाहू नका. चष्मा असेल तर काढून चाक फिरवून पाहा. तिरप्या, म्हणजे सिलिंड्रिकल, नंबराचा चष्मा असेल किंवा नंबर फारच मोठा असेल, तर थोडं धूसर राहील, तेव्हा चष्म्यासकट बघा; गोल लहान दिसेल, पण चाक फिरवलं की स्पष्ट दिसेल. आणि दुर्बीण दुसऱ्याच्या हाती दिलीत, की त्याला त्याचा वेळ द्या. घाई करू नका. त्याला काय दिसतंय, ते त्यालाच सांगू द्या.