बुरशीचा शेरा

माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मला हातावर घेऊन उभे होते ते आबुंदियो. ते माझे पाद्रीनो, म्हणजे अर्धे बापच, आणि त्यांची बायको रोमेलिया माझी माद्रीना, धर्माची आई. बोकोनोच्या डोंगरात त्यांची कॉफी होती. घोट सुर्रकन ओढून कसा चाखायचा, त्यात बुरशी कुठे लागते, धूर कुठे लागतो, हे मला त्यांनीच शिकवलं. त्या जिभेवरच मला खाली गावात बास्तिदासच्या कॉफी कारखान्यात चाखणारीची नोकरी लागली.

तेव्हा देशात तेलाचा पैसा नुसता वाहत होता. सरकार तेलाचे डॉलर आयातदारांना मातीमोल भावात देई. त्यामुळे ब्राझीलहून बोटीने आलेली कॉफी आमच्या डोंगरातून जीपने उतरवलेल्या कॉफीपेक्षा स्वस्त पडे. अट एकच, इथला माल नापास झाल्याचा दाखला त्या डॉलरच्या अर्जाला जोडावा लागे. तो दाखला मी लिहायची.

त्या वर्षी बास्तिदास मला म्हणाला, "नेरेइदा, यंदा डोंगरातलं एकही पोतं पास होता कामा नये."

"आणि माल चांगला असला तर?"

"तर तुझ्या जागी दुसरी जीभ शोधतो."

दुसऱ्याच सकाळी पाद्रीनो पोती घेऊन आले. मी घोट घेतला. इतकी सुरेख कॉफी कित्येक वर्षांत चाखली नव्हती.

"बुरशी," मी म्हणाले.

ते हसले. "सर्दी झालीय का गं? परत घे."

मी परत घेतला. मागे पाच-सहा शेतकरी बघत उभे होते. "बुरशीच आहे, पाद्रीनो."

ते भांडले नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोती स्वतःच जीपमध्ये चढवायला लागले. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं, "धर्माच्या लेकीनंच पाडलं म्हाताऱ्याला!"

वर्षभरात त्यांनी झाडं तोडून गवत लावलं आणि गुरं पाळली. मी सात वर्षं वर गेले नाही. सणाला निरोप तेवढा पाठवायची.

मग तेलाचे भाव कोसळले, डॉलर आटले, बोटी यायच्या थांबल्या. भट्ट्या थंड पडल्या तसा बास्तिदास एकदम गोड बोलायला लागला. "तुझे पाद्रीनो ना ते? जा, मागतील तो भाव कबूल कर."

मी गेले. माद्रीनाने माझ्या कपाळाचा मुका घेतला आणि कॉफी पुढे केली. "ही तुमच्याच कारखान्याची. कधीचं पुडकं होतं घरात."

मी निरोप सांगितला. पाद्रीनो म्हणाले, "आज रोप लावलं तर चार वर्षांनी फळ. मालकाला सांग, तोवर गवत चाख."

मला हसू आलं, पण माद्रीना हसली नाही. ती म्हणाली, "माझ्या हातचं कॉफीचं वाळवण आता कोण घेईल, पोरी? त्या वर्षी मीच घाण केली. पावसाची सर आली आणि मी ताडपत्री उशिरा टाकली. नंतर अंगण चुन्याने धुतलं, ताडपत्र्या जाळल्या. काय उपयोग? चाळीस वर्षांच्या नावाला बट्टा लागला तो लागलाच."

मी पाद्रीनोंकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. म्हणजे त्यांनी घरातही तोंड उघडलं नव्हतं. माझी लाज झाकली होती, आणि ती या बाईच्या माथी बसली होती.

"माद्रीना, बुरशी नव्हती," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. नोकरी टिकवायला."

ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सात वर्षं?"

"पोरगी आपली आहे, रोमेलिया."

"आणि मी कोणाची होते?"

ती आत गेली आणि आतून कडी लागली. पाद्रीनो म्हणाले, "जा तू आता."

खाली आल्यावर मी सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि कारखान्याच्या फाटकावर चिकटवलं. बास्तिदासने तो फाडायच्या आत निम्म्या गावाने वाचला होता. माझी नोकरी त्याच दिवशी गेली. पाद्रीनो अजून स्वतःचं स्वतः रांधून खातात, असं कानावर येतं.

गेल्या रविवारी चर्चमध्ये माद्रीना माझ्या पुढच्या बाकावर होती. प्रार्थनेनंतर 'शांती असो' म्हणत सगळे एकमेकांचे हात हातात घेतात, तेव्हा ती मागे वळली. मी हात पुढे केलेला होता. तिने तो नीट बघितला आणि शेजारणीचा हात धरला.